‘टीनी’ हॅरिस यांच्या ८०,००० निगेटिव्ह आणि फोटोतल्या माणसांची नावे

पिट्सबर्ग हे अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातले, पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर. तिथल्या कार्नेगी कलासंग्रहालयात एकाच छायाचित्रकाराच्या सुमारे ८०,००० निगेटिव्ह जपून ठेवलेल्या आहेत. त्यांचे नाव चार्ल्स हॅरिस, पण सारे शहर त्यांना ‘टीनी’ म्हणूनच ओळखत असे. १९३० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, त्यांनी आपल्याच शहरातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांचे जगणे टिपले. लग्ने, चर्चमधले समारंभ, शाळांचे पदवीदान, न्हाव्याची दुकाने, बेसबॉलचे सामने, संप, निवडणुका आणि अंत्ययात्रा हे सगळे त्यात आहे. अशा माणसाचा सन्मान करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पुतळा, पुरस्कार, रस्त्याला नाव हे मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत. हॅरिस यांच्या बाबतीत खरे काम निराळेच निघाले, कारण त्या निगेटिव्हपैकी बहुतेकींवर फोटोत कोण आहे, तो कुठे आणि कधी काढला, यातले काहीच लिहिलेले नव्हते.

हे काम समजून घ्यायचे तर आधी ती वस्ती समजून घ्यावी लागते. पिट्सबर्गच्या मध्यवर्ती बाजारपेठेला लागूनच चढावर पसरलेला भाग म्हणजे हिल डिस्ट्रिक्ट. दक्षिणेकडच्या राज्यांत वर्णभेदाचे कायदे, जमावाची हिंसा आणि कायमचे कर्ज यांनी पिचलेली कृष्णवर्णीय कुटुंबे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोठ्या संख्येने उत्तरेकडे येऊ लागली. पोलाद कारखान्यांत कामगार हवे होते, म्हणून त्यांतली बरीचशी पिट्सबर्गला आली, आणि शहरात इतरत्र घर मिळणे अवघड असल्याने हिलवर स्थिरावली. तिथे ज्यू, इटालियन, सीरियन कुटुंबेही राहत होती. वायली अॅव्हेन्यू हा हिलचा मुख्य रस्ता. त्यावर चर्च, खाणावळी, दवाखाने, विम्याची कार्यालये आणि जॅझ संगीताचे क्लब एकमेकांना खेटून उभे होते. ड्यूक एलिंग्टन, लुई आर्मस्ट्राँग यांच्यासारखे नामवंत वादक शहरात आले की रात्री उशिरा इथेच रमत.

याच रस्त्यावर हॅरिस यांच्या आईवडिलांचे हॉटेल होते. २ जुलै १९०८ रोजी जन्मलेले हॅरिस या गजबजाटातच वाढले. तरुणपणी ते बेसबॉल खेळत, आणि पुढे कृष्णवर्णीयांच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये गाजलेल्या पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या संघाच्या सुरुवातीच्या मंडळींत ते होते. गोऱ्यांच्या मोठ्या संघांत त्या काळी कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता, त्यामुळे त्यांची स्वतंत्र लीग चालत असे. हॅरिस यांचे थोरले बंधू विल्यम, टोपणनाव ‘वूगी’, यांचे वायली अॅव्हेन्यूवर केशकर्तनालय होते, आणि त्याशिवाय ते आकड्यांचा धंदा करत. हा धंदा काय, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. तो आपल्या मटक्याचाच भाऊबंद म्हणता येईल. तीन आकड्यांवर अगदी किरकोळ रक्कमही लावता येई आणि आकडा लागला की पैसे मिळत. तो बेकायदाच होता. परंतु ज्या काळात बँका कृष्णवर्णीयांना कर्ज देत नसत, त्या काळात घरासाठी किंवा दुकानासाठी पैसे उसने मिळण्याचे ठिकाण म्हणजे हे आकडेवालेच असत, आणि क्रॉफर्ड्स संघही पुढे गस ग्रीनली या अशाच एका आकडेवाल्याने चालवला. धाकट्या भावाच्या हाती कॅमेरा आला तोही वूगीच्या मदतीने.

१९३० च्या दशकात हॅरिस ‘पिट्सबर्ग कुरियर’ या साप्ताहिकासाठी फोटो काढू लागले आणि १९७५ पर्यंत काढत राहिले. त्याच्या जोडीला सेंटर अॅव्हेन्यूवर त्यांचा स्वतःचा फोटो स्टुडिओही होता. ‘कुरियर’चे महत्त्व लक्षात घेतल्याशिवाय हॅरिस यांचे महत्त्व उमगत नाही. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांत कृष्णवर्णीय माणूस दिसे तो बहुतेक वेळा गुन्ह्याच्या बातमीत. त्याच्या मुलीचे लग्न, मुलाची पदवी, त्याच्या मंडळाची वार्षिक मेजवानी यांना तिथे जागाच नव्हती. ती जागा कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या वर्तमानपत्रांनी दिली, आणि ‘कुरियर’ त्यांतले देशभर वाचले जाणारे एक प्रमुख पत्र होते. १९४० च्या दशकात त्याचा खप तीन लाखांच्या वर गेला होता. दक्षिणेत हे पत्र उघडपणे विकणे धोक्याचे असे, म्हणून रेल्वेच्या शयनयान डब्यांत काम करणारे कृष्णवर्णीय कर्मचारी त्याचे गठ्ठे आपल्याबरोबर नेऊन पोहोचवत. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, याच पत्राने ‘डबल व्ही’ मोहीम चालवली. कॅन्सस राज्यातल्या विमान कारखान्याच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या जेम्स थॉम्पसन या तरुणाने संपादकांना पत्र लिहिले होते, आणि परदेशातल्या शत्रूवर एक विजय व देशातल्या वर्णभेदावर दुसरा, अशी दुहेरी मागणी त्यातून उभी राहिली. अशा साप्ताहिकाच्या पानापानावर हॅरिस यांचे फोटो छापून येत होते.

ते फोटो कसे काढले जात, हे थोडे तपशिलाने सांगायला हवे. त्यांचा कॅमेरा ‘स्पीड ग्राफिक’ जातीचा होता. आपल्या आठवणीतल्या छत्तीस फोटोंच्या रोलसारखा रोल त्यात नसतो. चार इंच बाय पाच इंच आकाराचा फिल्मचा सुटा तुकडा चपट्या पेटीत घालावा लागतो, आणि अशा एका पेटीत दोनच तुकडे बसतात, दोन्ही बाजूंना एकेक. पेटी कॅमेऱ्यामागे सरकवायची, अंतराचा अंदाज घेऊन भिंग पुढेमागे करायचे, शटर ताणून ठेवायचे, फिल्मवरची काळी पट्टी ओढून काढायची आणि मग बटण दाबायचे. घरात किंवा रात्री फोटो काढायचा तर फ्लॅशचा बल्ब लागतो. तो एकदाच पेटतो आणि जळून जातो, आणि दुसऱ्या फोटोसाठी तो गरम बल्ब काढून नवा बसवावा लागतो. म्हणजे प्रत्येक फोटोला फिल्मचा एक तुकडा, एक बल्ब आणि बराच वेळ जाणार. इतर वृत्तछायाचित्रकार ‘आणखी एक, आणखी एक’ म्हणत पाहुण्यांना ताटकळत ठेवत असताना हॅरिस एकाच फोटोत काम उरकत. शहराचे महापौर डेव्हिड लॉरेन्स यांनी त्यामुळे त्यांना ‘वन शॉट’ असे नाव ठेवले. या नावात हाताच्या सफाईचे कौतुक आहेच, परंतु मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एकाच फोटोत काम व्हायचे तर समोरचा माणूस पहिल्याच क्षणी मोकळा असावा लागतो, आणि तो मोकळा असतो कारण कॅमेऱ्यामागचा माणूस त्याच्या गल्लीतला, त्याच्या चर्चमध्ये दिसणारा, त्याच्या भावाला ओळखणारा असतो.

त्यांच्या कॅमेऱ्यासमोर मोठी नावे पुष्कळ आली. गायिका लीना हॉर्न, बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन, मार्टिन ल्यूथर किंग, मुहम्मद अली, अध्यक्ष केनेडी. संग्रहाविषयी लिहिणारे बहुधा हीच यादी आधी देतात, आणि त्यात चूक काही नाही. तथापि या मंडळींचे फोटो जगात इतरत्रही सापडतात. हातात बॉक्सिंगचे मोजे घालून छाती पुढे काढलेला मुलगा, नव्या मोटारीला टेकून उभी असलेली बाई, सोडा फाउंटनमागचा विक्रेता, एखाद्या महिला मंडळाच्या ठेवणीतल्या टोप्या घालून ओळीने बसलेल्या सभासद, हे फक्त इथेच आहेत. त्यांच्या बऱ्याच फोटोंत माणसांचे कपडे, उभे राहण्याची ऐट आणि आजूबाजूच्या वस्तू इतक्या स्वच्छ दिसतात की पाहणाऱ्याला त्या घरात पाहुणा म्हणून गेल्यासारखे वाटते. गरिबी त्यांच्या फोटोंत आहे, पण ती माणसाच्या चेहऱ्यावर चिकटवलेली चिठ्ठी होऊन येत नाही.

ज्या वस्तीत हे सारे घडत होते, तिचा खालचा भाग, म्हणजे ‘लोअर हिल’, १९५० च्या दशकात पाडला गेला. अमेरिकेत १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने शहरांना एक सोय करून दिली होती. एखादा भाग ‘जीर्ण वस्ती’ म्हणून जाहीर करायचा, सक्तीने ताब्यात घ्यायचा, मोकळा करायचा आणि नव्या बांधकामासाठी द्यायचा. या व्यवहारात होणाऱ्या तोट्याचा दोन तृतीयांश वाटा केंद्र सरकार उचलणार होते. याला ‘शहरी नूतनीकरण’ म्हणत. वस्ती जीर्ण का झाली, हा प्रश्न मात्र त्यात येत नव्हता. १९३० च्या दशकात गृहकर्जासाठी जे नकाशे तयार केले गेले, त्यांत अशा वस्त्या लाल रंगाने दाखवून तिथे कर्ज देणे धोक्याचे ठरवले होते. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून वस्ती जीर्ण, आणि जीर्ण म्हणून पाडायची, असे हे चक्र होते. पिट्सबर्गमध्ये १९५६ साली पाडकाम सुरू झाले. सुमारे ९५ एकर जागा मोकळी करण्यात आली, जवळजवळ ८,००० माणसे विस्थापित झाली आणि ४०० हून अधिक दुकाने व व्यवसाय उठले. तिथे १९६१ मध्ये ‘सिव्हिक अरीना’ नावाचे, उघडझाप करणाऱ्या छताचे भव्य सभागृह उभे राहिले आणि त्याभोवती मोटारी उभ्या करण्याची विस्तीर्ण मैदाने झाली. पाडकाम सुरू झाले तेव्हा महापौरपदी डेव्हिड लॉरेन्स होते, म्हणजे हॅरिस यांना ‘वन शॉट’ म्हणणारे तेच.

हॅरिस यांनी पाडकामाचेही फोटो काढले. वायली अॅव्हेन्यूवरचे बेथेल चर्च हे कृष्णवर्णीयांचे जुने आणि मोठे चर्च १९५७ मध्ये पाडले गेले. त्यांच्या १९६९ च्या एका फोटोत क्रॉफर्ड स्ट्रीट आणि सेंटर अॅव्हेन्यूच्या कोपऱ्याजवळ रहिवाशांनी उभारलेला मोठा फलक आहे. त्यावर नगर सभागृह आणि पुनर्विकास प्राधिकरण यांना उद्देशून लिहिले आहे की, या जागेपलीकडे पुनर्विकास होणार नाही, आणि लोअर हिलसाठी आम्हाला कमी उत्पन्नगटाची घरे हवी आहेत. त्याखाली नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांची नावे आहेत. पाडकाम त्या कोपऱ्यापुढे खरोखरच सरकले नाही. आज हिलची वरची बाजू शिल्लक आहे आणि सिव्हिक अरीना मात्र २०१२ पर्यंत पूर्णपणे पाडली गेली. एखादी वस्ती नाहीशी होते तेव्हा तिच्याबरोबर पत्ते, दुकानांच्या पाट्या, कोपऱ्यावरच्या ओळखी असे सगळे पुरावेही जातात. त्यामुळे हॅरिस यांच्या निगेटिव्ह हा पुष्कळ बाबतींत उरलेला एकमेव डोळ्यांनी पाहता येण्याजोगा पुरावा आहे.

इथे मालकीचा गुंता समजून घ्यावा लागतो, कारण छायाचित्रकारांच्या आयुष्यात तो वारंवार येतो. निगेटिव्ह ही एक वस्तू आहे, आणि तिच्यावरून प्रती काढण्याचा, छापण्याचा, विकण्याचा हक्क ही वेगळी गोष्ट आहे. वस्तू एकाकडे आणि हक्क दुसऱ्याकडे असू शकतो, आणि करार मोघम असला की दोन्ही हातून जातात. १९८६ मध्ये हॅरिस यांनी आपल्या निगेटिव्ह एका स्थानिक व्यावसायिकाच्या हवाली केल्या. थोडी रक्कम आणि पुढील उत्पन्नातला वाटा असा तो व्यवहार होता. आपल्याला आपला वाटा मिळत नाही आणि निगेटिव्हही परत मिळत नाहीत, अशी तक्रार घेऊन नव्वदीला टेकलेले हॅरिस १९९८ मध्ये न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी १२ जूनला वारले. पुढे निकाल त्यांच्या वारसांच्या बाजूने लागला, निगेटिव्ह घरी परतल्या, आणि २००१ मध्ये कार्नेगी कलासंग्रहालयाने कुटुंबाकडून तो सगळा संग्रह विकत घेतला. चाळीस वर्षे ज्याने शहराचा चेहरा जपला त्याला आयुष्याच्या शेवटी आपल्याच फोटोंसाठी भांडावे लागले, ही गोष्ट वाचताना मन खिन्न होते.

संग्रहालयाच्या हाती आले तेव्हा काय होते? पाकिटांत आणि खोक्यांत भरलेले फिल्मचे तुकडे. ज्यांनी जुन्या फोटो स्टुडिओत निगेटिव्ह हाताळली आहे त्यांना माहीत आहे की तिच्यात उजेडाची जागा काळी आणि अंधाराची जागा पारदर्शक असते. सावळा चेहरा फिकट दिसतो, पांढरा सदरा काळा दिसतो, आणि ओळखीचे माणूसही ओळखू येत नाही. म्हणून पहिले काम प्रत्येक तुकडा स्कॅन करून त्याचे सुलट चित्र तयार करण्याचे. या कामाला घाईही असते. त्या काळच्या पुष्कळ फिल्मचा पाया ॲसिटेटचा असे, आणि असा पाया काळाच्या ओघात कुजू लागला की त्याला शिर्क्यासारखा वास येतो, तो आकसतो आणि वरचा चित्राचा थर सुरकुततो. थंड आणि कोरड्या जागी ठेवले तर कुजण्याची गती मंदावते, पण थांबत नाही. सुमारे ६०,००० निगेटिव्ह स्कॅन होऊन इंटरनेटवर कोणालाही पाहता येतील अशा झाल्या आहेत.

दुसरे काम अधिक कठीण होते, ते म्हणजे ओळख पटवणे. काही गोष्टी चित्रच सांगते. मोटारीच्या नंबरपाटीवरचे वर्ष, चित्रपटगृहाच्या दर्शनी फलकावरचे सिनेमाचे नाव, भिंतीवरचे कॅलेंडर, रस्त्याची पाटी, फिल्मच्या काठावर कंपनीने पाडलेल्या खाचा यांवरून काळ आणि स्थळ यांचा अंदाज बांधता येतो. जो फोटो ‘कुरियर’मध्ये छापला गेला, त्याच्याखाली नावेही छापलेली असतात, म्हणून जुने अंक एकेक करून ताडून पाहता येतात. मात्र छापलेल्या फोटोंपेक्षा न छापलेले कितीतरी जास्त होते, आणि तिथे उपयोगी पडणार ती हिलवर राहिलेल्या माणसांची आठवणच. संग्रहालयाने २००३ पासून काही प्रदर्शने केवळ याच हेतूने भरवली. फोटो लावायचे आणि येणाऱ्यांना विचारायचे: हे कोण, ही जागा कोणती? अनेक ज्येष्ठांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवण्यात आल्या. संग्रहाचे काम पाहणाऱ्या अभिलेखपालांपैकी एक बाई तर लहानपणी स्वतः हॅरिस यांच्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या आहेत.

ही पद्धत मला फार मोलाची वाटते, आणि का ते न्यूयॉर्कच्या एका उदाहरणाने स्पष्ट होईल. हार्लेम या तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीत जेम्स व्हॅन डर झी हे छायाचित्रकार १९१० च्या दशकापासून स्टुडिओ चालवत होते. १९६९ मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हार्लेमवर मोठे प्रदर्शन भरवले आणि त्यामुळे ते वयाच्या ऐंशी वर्षांनंतर जगाला माहीत झाले. पण त्या प्रदर्शनात कृष्णवर्णीय चित्रकारांना आणि शिल्पकारांना स्थानच नव्हते, आणि त्यावरून दाराबाहेर निदर्शने झाली. ज्यांचे जीवन दाखवायचे त्यांनाच बाहेर ठेवले होते. त्याच वर्षी व्हॅन डर झी यांना त्यांच्या राहत्या घरातून बेदखल व्हावे लागले. प्रसिद्धी झाली, तरी माणूस बेघर झाला. पिट्सबर्गमध्ये त्या समाजालाच तज्ज्ञ मानून त्याच्याकडून शिकण्याचा प्रयत्न झाला, हा फरक लहान नाही.

२०११ मध्ये कार्नेगी संग्रहालयाने हॅरिस यांचे मोठे प्रदर्शन भरवले. त्यात जवळजवळ १,००० फोटो माणसाच्या उंचीएवढे मोठे करून पडद्यांवर दाखवले होते आणि सोबतीला जॅझ संगीत होते. ते भव्य होतेच, परंतु मला संग्रहालयाच्या यादीतली फोटोंची शीर्षके जास्त बोलकी वाटतात. कलाकृतीला असते तसे एखादे नटवे नाव तिथे नाही. डावीकडून उजवीकडे कोण उभे आहे, कोण बसले आहे, मागे कोणते दुकान आहे, रस्ता कोणता, वस्ती कोणती, असे एकामागून एक लिहिलेले असते. फोटोत फलक असेल तर त्यावरचा मजकूर शब्दशः उतरवून घेतलेला असतो, आणि १९६९ च्या त्या फोटोचे शीर्षक म्हणजे रहिवाशांची अख्खी मागणीच आहे. खात्री नसेल तिथे ‘बहुधा’ असा शब्द, वर्ष नक्की नसेल तिथे ‘सुमारे अमुक ते तमुक’ अशी मर्यादा, आणि ज्याचे नाव कळलेले नाही त्याच्यासाठी फक्त ‘पुरुष’, ‘स्त्री’, ‘मुलगा’, ‘मुलगी’.

बेथेल चर्चची पाडलेली जागा पुढे पार्किंगसाठी वापरली जात होती. चर्चची मंडळी कित्येक वर्षे भरपाई मागत होती. २०२३ मध्ये पिट्सबर्ग पेंग्विन्स या आइस हॉकी संघाने, ज्याच्याकडे त्या परिसराच्या विकासाचे हक्क होते, मूळ ठिकाणाजवळची सुमारे दीड एकर जागा चर्चला देण्याचे जाहीर केले. पाडण्यापूर्वी वायली अॅव्हेन्यूच्या त्या कोपऱ्यावर काय उभे होते, हे ज्यांचा जन्मच पाडकामानंतरचा आहे त्यांनाही हॅरिस यांच्या फोटोंत पाहता येते, आणि यादीत त्या चर्चचे नाव रस्त्याच्या नावासकट लिहिलेले आहे. ज्यांच्यापुढे अजून ‘स्त्री’ किंवा ‘मुलगा’ एवढेच लिहिलेले आहे असे चेहरे तिथे पुष्कळ उरले आहेत, आणि त्यांना ओळखू शकणारे लोक आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे गेलेले आहेत.